सर दिसले

९ जानेवारी

ताई,

आणि दुसरं म्हणजे, इथे कुठेही जायला दहा मिनिटांच्या वर लागत नाही, हे तू फायद्यात धरतच नाहीस. तुला वाटतं मी थापा मारतेय. काल मी बँकेत गेले, येताना चप्पल शिवून घेतली, भाजी घेतली, दाताच्या डॉक्टरकडे नुसतीच डोकावून आले, आणि घरी आले तर कुकरची वाफसुद्धा गेली नव्हती. तुझ्याकडे एवढ्या वेळात लिफ्ट तरी खाली येते का?

पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, खुणा निळ्या होतात आणि पुढे शांतता. पण मागे गंमत म्हणून कार्ड पाठवलं, तर त्याला तुझं उत्तर आलं. म्हटलं चला, हिचं दार ह्या बाजूने उघडतं तर.

उत्तर चारच ओळींचं होतं, पण मी ते बरेचदा वाचलं. तुझ्या घराजवळ एक केंद्र आहे, विसरायला लागलेल्या लोकांसाठीच आहे, बायका चांगल्या आहेत, फेब्रुवारी संपेपर्यंत जागा धरून ठेवतील. ‘तुझा विचार कळव.’ सगळ्या कार्डात ‘बाबा’ हा शब्द कुठेच नाही. कोणासाठी जागा ते मी आपलं समजून घ्यायचं.

तर माझा विचार असा, की नको. आणि हे मी भावनेच्या भरात नाही लिहीत. मी नीट विचार केलाय.

तुझ्या केंद्रात बाबा म्हणजे खोली नंबर अमुक. इथे ते सर आहेत. पी.टी.चे सर. ह्या बाजारपेठेत तीस ते पन्नासच्या मधला असा एक माणूस दाखव, ज्याला त्यांनी ग्राउंडला फेऱ्या मारायला लावल्या नाहीत. टायरवाला आठवतोय का? तुझ्या वर्गात मॉनिटर होता म्हणे. आता पोटाचा घेर असा झालाय की दुकानाला वेगळी पाटी लावायची गरज नाही. पण बाबा लांबून दिसले की तो पोट आत घेतो, खरंच घेतो, आणि ते पुढे जाईपर्यंत श्वास सोडत नाही. सलूनवाला कात्री खाली ठेवून उभा राहतो. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर बसलेलं असतं, तेही उभं राहतं.

बाबा सकाळी कॅप घालतात, शिट्टी गळ्यात अडकवतात आणि निघतात. शाळेला एक वळसा, मग पेठ, मग बस स्टँड, मग घर. कधी रस्ता चुकलाच, तर कोणीतरी ‘सर, इकडून’ म्हणून वळवतं. मी दुकानदारांचा एक ग्रुप काढलाय फोनवर. नाव आहे ‘सर दिसले’. बाबा दिसले की जो तो तिथे टाकतो. ‘सर दिसले, पोस्टासमोर.’ ‘सर दिसले, पेपर वाचताहेत.’ मी घरी बसून ऑफिसचं काम करते आणि बाबा कुठे आहेत ते मला बसल्याजागी कळतं. सांग, अशी सोय कुठल्या शहरात आहे? एवढे डोळे कुठल्या केंद्रात कामाला ठेवतील?

तुला गाव नको होतं आणि मिळालं. मला हवं होतं, तर मला हॉस्टेलला टाकलं आणि गाव नुसतं सुट्टीपुरतं आलं वाट्याला. आता कुठे ते माझं होतंय. उद्या बाजार आहे. आजच दुपारपासून ट्रक यायला लागलेत, गल्लीच्या तोंडाशी बांबू आणि ताडपत्र्या पडल्यात, एक माणूस सायकलच्या चाकावर सुऱ्यांना धार लावत बसलाय आणि ठिणग्या बघायला लोक उभे आहेत. मीपण उभी होते.

केंद्राला नाही म्हणून कळव. किंवा नको कळवूस, तूच ये एकदा.

तुझी,
छोटी


१७ जानेवारी

ताई,

‘फायदे वाचले. तोटे?’

वा. एवढंच लिहायला तू तिकीट लावलंस. ठीक आहे, तोटे.

नेटवर्क. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या वाड्यावस्त्या इथे असतात, आणि सगळ्यांच्या खिशात फोन. मग माझी मीटिंग गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ टेकवून. बॉसला वाटतं मी डोंगरावर राहते. वीज जाते, ती जाताना सांगत नाही आणि येताना बल्ब घेऊन जाते. थिएटर बंद पडलंय, आत बियाण्यांचं गोदाम आहे. तिकिटाच्या खिडकीवर अजून ‘हाऊसफुल’ची पाटी आहे, आणि आत्ता ती पहिल्यांदा खरी आहे.

माझ्या वयाचं कोणी नाही. जे जाऊ शकत होते ते गेले. जे राहिले त्यांची लग्नं होऊन मुलं शाळेत जातात, आणि ते मला ‘अजून इथेच?’ असं विचारतात, जसं काही मी बस चुकून स्टँडवर बसलेय.

खासगी काही नाही. मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी घेतली, तर संध्याकाळी शेजारच्या काकू दारात. ‘उतरली का ग डोकेदुखी? आणि एवढा विचार कसला करतेस?’

आणि इथे कोणी काही विसरत नाही. एक बाबा सोडले तर.

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. पाववाली काकू मला अजून ‘मोठीची बहीण’ म्हणते. परवा पाव बांधता बांधता म्हणाली, ‘तुझी बहीण बरी आहे ना? त्या दिवसाचं मला अजून डोळ्यासमोर आहे बघ.’ मी विचारलं कुठला दिवस. तिला वाटलं मला माहीत असणार.

मला माहीत नव्हतं, ताई. मी हॉस्टेलला होते. मला एवढंच सांगितलं होतं की तू शिकायला मावशीकडे गेलीस. तू रांगेत कुणाशीतरी बोललीस, बाबांनी बाकीच्या मुलींना एक फेरी मारायला लावली आणि तुला सगळ्या शाळेसमोर थप्पड. सरांची मुलगी म्हणून जास्त. काकूने हेही सांगितलं की तू रडली नाहीस, दप्तर उचललंस आणि ग्राउंडच्या मधून सरळ चालत गेलीस. आईच्या वेळेला तू आलीस ती फाटकाबाहेरच उभी राहिलीस, तेव्हा मला वाटलं होतं की तुला प्रेत बघायची भीती वाटते. अख्ख्या पेठेला कारण ठाऊक होतं, मीच काय ती नव्हते. हा तोटा तू तुझ्या यादीत कितव्या नंबरला ठेवतेस ते मी विचारत नाही.

बाबांना ते आठवत नाही. मी विचारून पाहिलं. म्हणाले, ‘मोठी हुशार आहे, ती कशाला मार खाईल?’

आणखी एक. परवा ते शाळेच्या आत गेले. नुसते बाहेरून नाही. शिट्टी वाजवली आणि मुलांना रांगेत उभं केलं. नव्या हेडबाई भल्या आहेत, त्यांनी तास चालू दिला. मुलं पळाली म्हणे, हसत हसत का होईना. मग बाबांना दम लागला आणि ते ग्राउंडवर बसले. हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही कारण ते तेव्हा झालं नव्हतं. म्हणजे एकदा झालं होतं. हे दुसऱ्यांदा.

ऑफिसने एप्रिलपासून सगळ्यांना परत बोलावलंय. ह्याचा त्या जागेशी काही संबंध नाही, तू लगेच जोडू नकोस.

माझं उत्तर अजून नकोच आहे.

छोटी


२६ जानेवारी

ताई,

बाबा सापडलेत. हे आधी लिहिते म्हणजे पुढचं नीट वाचशील.

बाजाराचा दिवस होता. मी गच्चीवर टाकीला टेकून मीटिंगमध्ये होते. फोन मांडीवर होता आणि ग्रुपवर मेसेज येत होते.

‘सर दिसले, सलूनपाशी.’

‘सर दिसले, चहा पाजला.’

‘सर दिसले. गार वारा आहे म्हणून माझा मफलर गुंडाळून दिला.’

‘सर दिसले, पेट्रोल पंप. एकदम फ्रेश.’

‘सरांना फाट्यावर सोडलं.’ आणि पुढे जोडलेले हात.

मी प्रत्येक मेसेजला अंगठा दिला. शेवटच्यालासुद्धा. मीटिंग चालू होती, मला वाटलं सगळं छान चाललंय, सगळ्यांचं लक्ष आहे. पेट्रोल पंप गावाच्या टोकाला आहे आणि फाटा त्याच्याही पुढे, हे मला माहीत नाही असं नाही. मी वाचत होते, पण त्या ओळी एकापुढे एक लावून पाहिल्या नाहीत.

रात्रीचं मी लिहिणार नाही. सगळं गाव बॅटऱ्या घेऊन बाहेर होतं एवढंच लिहिते.

सकाळी दूधवाल्याला कालव्याच्या बांधाखाली दिसले. बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवले होते. मनगट मोडलंय. छातीत कफ झालाय. इथल्या दवाखान्यात एक्स-रेचं मशीन आहे, पण ते चालवणारा आठवड्यातून दोनदाच येतो आणि काल त्याचा दिवस नव्हता. म्हणून टेम्पोत गादी टाकून मोठ्या गावी आणलं. मी इथूनच लिहितेय, कॉरिडॉरमध्ये बसून.

नर्सने नाव विचारलं तर त्यांनी हजेरी दिली. ‘हजर’ म्हणाले.

छोटी


८ फेब्रुवारी

ताई,

घरी आणलं. प्लास्टर आहे. खोकला आहे, पण ताप नाही.

तुझं पत्र आलं. ‘आता तरी पाठव.’ मला राग आला आणि मग तो कुठे ठेवावा ते कळेना, कारण तू चुकीचं काही लिहिलं नव्हतंस.

फाट्यावर सोडणारा खतवाला होता. गोरा, उंच, खांदे पाडून चालणारा. तुझ्या मागच्या वर्गात असेल. रोज येतो. ओसरीच्या पायरीवर बसतो, खुर्ची दिली तरी घेत नाही. चार दिवस नुसता बसून गेला. पाचव्या दिवशी मीच विचारलं, कारण मला कुणावर तरी ओरडायचं होतं.

‘तुम्ही त्यांना गाडीवर बसवलंच कसं?’

‘सर म्हणाले, गाडी काढ.’

‘आणि तुम्ही काढलीत?’

‘सर म्हणाले ना.’

‘कुठे जायचंय असं तरी विचारायचं.’

त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, जसं मी त्याला सरांच्या पेल्यातून पाणी प्यायला सांगतेय. ‘सरांना विचारायचं?’

‘मग फाट्यावर उतरवून सरळ निघून आलात?’

‘मी थांबलो होतो ग. तर म्हणाले, दुकान उघडं टाकून आलायस, गाढवा, पळ आता.’ तो डोळे पुसायला लागला. पंचेचाळिशीचा माणूस, घरी मुलीचं लग्न ठरवतोय. ‘मग मी पळालो.’

‘फाट्यावर दुसरं कोणीच नव्हतं?’

‘होता की. पंक्चरवाला होता. तोही आपल्याच शाळेचा. त्याने बसायला खुर्ची दिली, पुसून दिली. सर पाणी प्यायले आणि त्याला म्हणाले, मी जरा पुढे जाऊन येतो. तो म्हणाला, या सर.’

ओरडायला उरलं काय? चहावाल्याने चहा दिला, मफलर दिला तो कापडवाला, ह्याने गाडी दिली, त्याने खुर्ची दिली. एकानेही त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. हातोहात, अगदी जपून, गावाबाहेर काढून दिलं.

शहरात कोणीतरी अनोळखी माणूस म्हणाला असता, ‘ओ काका, कुठे निघालात?’ इथे ते विचारणारं कोणी नाही. बाबांना तसं विचारू शकणारी ह्या गावात एकच व्यक्ती होती आणि ती ग्राउंडच्या मधून सरळ चालत निघून गेली. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. खोडायला हवं होतं, पण पान दुसऱ्या बाजूनेही लिहून झालंय.

काल पेठेतले सगळे आपल्या घरी जमले. जागा नव्हती म्हणून अर्धे फाटकात उभे होते. असं ठरलं की आता सर दिसले की नुसता नमस्कार करायचा नाही, घरी आणून सोडायचं. प्रत्येकाने, प्रत्येक वेळी. टायरवाला म्हणाला, ‘आता त्यांना ह्या गल्लीच्या बाहेर जाऊन दाखवू दे.’ मला बरं वाटलं. मला खूप बरं वाटलं, ताई. म्हटलं, बघा, हे गाव आहे. चुकतं पण शिकतं.

तुझ्या केंद्राला अजून काही सांगू नकोस. मी नाही म्हणत नाहीये. थांब म्हणतेय.

छोटी


१९ फेब्रुवारी

ताई,

जे लिहायचंय ते आधी तीनदा लिहून फाडलं. ह्या वेळी नाही फाडणार.

गावाने शब्द पाळला. बाबा फाटकाबाहेर पडले की सलूनवाला घेऊन येतो. पुन्हा निघाले की मेडिकलवाला घेऊन येतो. कोपऱ्यावर कापडवाला, त्याच्या पुढे पाववाली काकू. आयुष्यभर जो माणूस चालत राहिला, त्याला दर कोपऱ्यावर कोणीतरी हसून, हात जोडून, दंडाला धरून परत फिरवतं. सगळे ‘सर, सर’ करतात. बाबांना कळत नव्हतं की काय चाललंय. पहिले दोन दिवस त्यांना वाटलं की लोक भेटायला येताहेत. मग ते चिडायला लागले. सलूनवाल्याच्या हातातून दंड सोडवून घेतला, प्लास्टरचा हात त्याच्या तोंडावर बसला. त्याचा ओठ फुटला. तो म्हणाला, ‘असू दे, सरांच्या हातचं आधीही खाल्लंय.’ लोक हसले, मीपण.

मग ते टायरवाल्याच्या दुकानापर्यंत पोचले. मी मागेच होते. तो आडवा उभा राहिला. ‘सर, घरी चला.’

‘कोणाला सांगतोस?’

‘सर, थंडी आहे, चला ना.’

‘बाजूला हो.’

टायरवाला बाजूला होणार होता. मला दिसलं, त्याचे पाय आपोआप हलले. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, घाबरला, आणि त्याला दुसरं काही सुचेना. त्याने पोट आत घेतलं, टाचा जुळवल्या आणि ग्राउंडवरच्या आवाजात ओरडला, ‘सावधान.’

बाबा ताठ झाले. प्लास्टर छातीशी, दुसरा हात मांडीला चिकटून.

‘मागे फिर.’

बाबा फिरले. उजव्या टाचेवर, एका झटक्यात, जसं ते मुलांना शिकवायचे.

‘पुढे चल.’

आणि ते घरापर्यंत चालत आले, मोकळा हात हलवत, कुठे न बघता. पाठीमागून टायरवाला येत होता आणि तो रडत होता, पण ‘डावा, उजवा’ म्हणायचं थांबवत नव्हता, कारण थांबलं तर ते थांबतील अशी त्याला भीती होती. घरात आल्यावर माझ्या पायाशी बसला. ‘मला माफ कर. मला दुसरं काही सुचलंच नाही.’ मी म्हटलं, अहो, उलट चांगलं केलंत.

मी असं म्हटलं, ताई. मला वाटलं, युक्ती सापडली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठेला माहीत झालं होतं. इथे काय लपतं? सलूनवाला म्हणतो, कापडवाला म्हणतो. सगळे अगदी हळू, आदराने म्हणतात, ‘सर, माफ करा हं,’ आणि मग ‘सावधान’. पाववाली काकू कधी शाळेत गेली नाही, पण तीही म्हणते, पदर सावरून. शाळेतून घरी जाणारी पोरं म्हणायला लागली तेव्हा खतवाल्याने त्यांना हाकललं. हाकलून मागे वळला आणि बाबांना म्हणाला, ‘सर, मागे फिर.’

मारामारी नाही, हिसकाहिसकी नाही, गोळी नाही, कुलूप नाही. तू पाठवलेल्या केंद्राच्या माहितीपत्रकात लिहिलंय ना, ‘प्रेमाने हाताळणी’? ह्याच्यापेक्षा प्रेमाने कोण हाताळणार?

मंगळवारी ते अंघोळीला तयार होईनात. पाणी गार होत होतं. साडेदहाला माझी मीटिंग होती. मी अर्धा तास समजावलं, हाताला धरलं, चिडले. मग मोरीच्या दारात उभी राहून मी ते म्हटलं.

ते लगेच आले. शर्टाची बटणं स्वतः काढली. माझ्याकडे बघितलं नाही, समोर बघत होते, सरळ, भिंतीकडे. मी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतत होते आणि ते हलत नव्हते. साबण डोळ्यात गेला तरी हलले नाहीत. मी ‘विश्राम’ म्हणायचं विसरले होते.

तुझ्या हाती ही बातमी पडल्यावर तुला काय वाटेल ते मला समजत नाही. बरं वाटलं तरी मी काही म्हणणार नाही.

छोटी


२६ फेब्रुवारी

ताई,

जागेची मुदत परवा संपते. हे पत्र कुरिअरने पाठवतेय, उद्या मिळेल. केंद्रातल्या बाईंशी मी फोनवर बोलले. तुझा नंबर चालत नसला तरी त्यांचा चालतो. छान बोलल्या. मी विचारलं, तुमच्याकडे कोणी बाहेर जायला लागलं तर काय करता? म्हणाल्या, बाहेर जाता येत नाही, दाराला आकड्यांचं कुलूप आहे. पण आत लांब कॉरिडॉर आहे, दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली. लोक चालत राहतात आणि कुठे अडत नाहीत. कोणी परत फिरवत नाही. मी विचारलं, चालणाऱ्याला नावाने हाक मारता का? म्हणाल्या, आमच्याकडे बरीच माणसं आहेत हो, पण आम्ही प्रयत्न करतो.

ऑफिसला मी एप्रिलचं अजून काहीच कळवलं नाही. तो प्रश्न माझा आहे, तो ह्यात धरू नकोस.

ग्रुपवर आता मेसेज येत नाहीत. गेल्या बाजारी सलूनवाल्याने विचारलं, ‘सर दिसले नाहीत, बरे आहेत ना?’ मग एकामागून एक सगळ्यांनी विचारलं. मी लिहिलं, बरे आहेत, घरीच आहेत. सगळ्यांनी अंगठे दिले.

बरे आहेत. खोकला गेला. कॅप आणि शिट्टी सकाळी माझ्याकडे मागतात. घालतात आणि निघतात. मागच्या आठवड्यात ते फाटकापर्यंत गेले, कडीला हात लावला. गल्लीत कोणीच नव्हतं. मीही काही बोलले नाही, मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. ते थोडा वेळ उभे राहिले. मग स्वतःच, अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणाले, ‘सावधान. मागे फिर.’ आणि आत आले.

दुसऱ्या दिवशी ओसरीच्या पायरीवरून फिरले. नंतर उंबऱ्यावरून. मी दार सताड उघडं ठेवलं, बाहेर जाऊन उभी राहिले, हाक मारली. म्हटलं, बाबा, चला, बाजारात जाऊ, धारवाला आलाय, ठिणग्या बघू. खतवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, ‘सर, गाडी काढू का? कुठे म्हणाल तिथे. मी विचारणार नाही.’ त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जसं काही आम्ही परीक्षा घेतोय आणि ह्या वेळी ते फसणार नाहीत. टाचा जुळवल्या आणि वळले.

आज सकाळी ते पलंगावरून उठले, कॅप सारखी केली, एक पाऊल टाकलं आणि तिथेच फिरले. पुन्हा पलंगाकडे तोंड. मग बसता येईना, कारण बसायला कोणी सांगितलं नव्हतं. मी ‘विश्राम’ म्हटलं तेव्हा बसले.

इथे ठेवलं तर पेठ जिवाला जीव देईल, दारात येऊन बसेल, आणि त्यांना पाऊल टाकायचीही गरज पडणार नाही. तिथे पाठवलं तर त्यांना सर म्हणणारं कोणी नसेल. पण ज्यांचा आवाज ऐकून ते फिरतात, त्यांच्यापैकीही कोणी नसेल. फक्त आता फिरायला सांगणारा आवाज आमच्यापैकी कोणाचा नाही, त्यांचा स्वतःचाच आहे, आणि तो ते जातील तिथे बरोबर येईल की इथेच राहील, हे मला कळत नाही. त्या लांब कॉरिडॉरमध्ये ते चालतील का ग, ताई? तुला काय वाटतं?

छोटी